होंडोतला एक सप्टेंबर

पहिला दिवस, ३० ऑगस्ट : सॅन अँटोनियो

मामाच्या गॅरेजमधल्या कपाटात लाल बांधणीची एक वही आहे, किराणा दुकानात उधारीची असते तशी लांबट. दर सप्टेंबरात तिचं एक पान भरतं. रकाने हातानं आखलेले आहेत : तारीख, वारा, काडतुसं, मिळाले. आणि कडेला एक अरुंद रकाना, हरवले. जुन्या पानांवर त्या रकान्यात आकड्यापुढे एकेक शब्द लिहिलेला दिसतो. ‘२, गवत’. ‘१, कुत्रा नव्हता’. ‘१, घाई’. सुरुवातीच्या वर्षांत ‘घाई’ पुष्कळदा आलीय, पुढे ती कमी होत गेलीय.

मामा तीस वर्षं टेक्सासमध्ये आहे. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं त्याला पहिल्यांदा होल्यांच्या शिकारीला नेलं आणि तेव्हापासून १ सप्टेंबरला तो घरी सापडत नाही. ही तारीख बहुधा श्रावणात नाहीतर गणपतीच्या आसपास येते, त्यामुळे मामीची दर वर्षी तीच तक्रार. यंदा ऑफिसच्या कामानं मी तिकडे होतो, चार दिवस जोडून घेतले आणि मामाबरोबर जायचं ठरवलं.

ठरवलं खरं, पण मनात शंका घेऊनच गेलो. पंधरा वर्षं मी दुर्बिणीतून पक्षी पाहतोय. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. छर्ऱ्याच्या बंदुकीनं होले मारणाऱ्या पोरांशी मी गावाकडे भांडलेलो आहे. मग मामासारखा शांत, मुंगीलाही जपणारा माणूस वर्षभर या दिवसाची वाट का पाहतो, हे मला त्याच्या शेजारी बसून समजून घ्यायचं होतं.

पहिलं आश्चर्य मामाच्या गल्लीतच भेटलं. संध्याकाळी अंगणात चहा घेताना ओकच्या झाडांवर मोठाले होले उतरत होते. पंखाच्या कडेला पांढरी पट्टी, डोळ्याभोवती निळी कातडी, शेपटी चौकोनी. हे व्हाइटविंग. पूर्वी ते मुख्यतः दक्षिणेला, रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात असत. तिथलं काटेरी रान तोडून संत्र्या-मोसंब्यांच्या बागा झाल्या, तेव्हा त्यांनी बागांत घरटी केली. पुढे कडाक्याच्या थंडीत त्या बागा गारठून मेल्या आणि होले हळूहळू उत्तरेकडच्या शहरांत शिरले. सावलीची झाडं, दाण्याची भांडी, पाणी, सगळं आयतं. सकाळी शहरातून उठायचं, वीस-तीस मैलांवरच्या शेतात चरायचं आणि परत यायचं, हा त्यांचा रोजचा रिवाज.

परवान्याचं काम दुकानाच्या काउंटरवर पंधरा मिनिटांत झालं. बाहेरच्यांसाठी पाच दिवसांचा परवाना ४८ डॉलरचा, त्यावर स्थलांतरी पक्ष्यांची ७ डॉलरची नोंद. काउंटरवरची मुलगी गेल्या वर्षी काय-काय मारलं तेही विचारते. ती चौकशी नसून पाहणी आहे. देशभरातून किती पक्षी मारले जातात याचा अंदाज काढायला पुढे कुणाकुणाला विचारायचं, ते याच उत्तरांवरून ठरवतात.

तिकडे नातेवाइकांकडे जाणाऱ्या आपल्या लोकांना इथेच एक गोष्ट सांगायला हवी. पर्यटक किंवा कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत बंदूक हातात घेणं एरवी कायद्यानं मना आहे. शिकारीचा वैध परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणजे परवाना खिशात आल्याशिवाय सरावासाठीसुद्धा बंदूक हातात घेऊ नये. शिवाय २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये शिकारीचं शिक्षण सक्तीचं आहे. मी तो अभ्यासक्रम आधीच ऑनलाइन केला होता. ज्यांना वेळ नाही, त्यांना १० डॉलर भरून एकदा सवलत मिळते, पण मग परवानाधारक जाणत्या माणसाच्या सोबतीनंच शिकार करावी लागते. परवान्याचं वर्ष १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत धरतात, त्यामुळे नव्या वर्षाचाच परवाना मागून घ्यावा.

तिथून सरावाला गेलो. यंत्रातून मातीच्या नारिंगी थाळ्या उडतात आणि त्या हवेत फोडायच्या. मामानं मला २० गेजची बंदूक दिली, १२ पेक्षा हलकी आणि खांद्याला कमी धक्का देणारी. आठ नंबरच्या छर्ऱ्यांच्या एका काडतुसात साडेतीनशेवर बारीक दाणे असतात, तरी पहिल्या दहा थाळ्या अख्ख्याच्या अख्ख्या गवतात जाऊन पडल्या.

“तू थाळीवर मारतोयस,” मामा म्हणाला. “थाळी जिथे पोचणार आहे तिथे मार. आणि बार काढताना नळी थांबवू नकोस, फिरवत राहा.”

हिशेब सरळ आहे. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरनं आडवा जाणारा होला तीस यार्डांवर असेल, तर छर्रे तिथवर पोचेतो तो पाचेक फूट पुढे सरकलेला असतो. ते पाच फूट मोजून धरता येत नाहीत. पक्ष्याच्या मागून नळी आणायची, त्याच्यावरून पुढे काढायची आणि फिरतं अंग तसंच फिरू द्यायचं. शेवटच्या पंचवीसात माझ्या नऊ थाळ्या फुटल्या.

दुसरा दिवस, ३१ ऑगस्ट : हायवे ९० आणि होंडो

सकाळी सामान गाडीत टाकून पश्चिमेला निघालो. मागच्या सीटवर डेझी, मामाची काळी लॅब्राडोर. बंदुकीची पेटी दिसल्यापासून तिची शेपटी काही थांबत नव्हती. वाटेत कॅस्ट्रोव्हिल लागतं. १८४४मध्ये फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतातून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेलं हे गाव, उतरत्या छपरांची त्यांची दगडी घरं अजून उभी आहेत. एका बेकरीत ताजे पाव घेतले आणि पुढे एका टपरीवजा दुकानात अंडं-बटाट्याचा ब्रेकफास्ट टाको. गव्हाच्या मऊ पोळीत बटाट्याची भाजी, वर हिरव्या मिरचीची झणझणीत चटणी. चार दिवसांत मी तोच सात वेळा खाल्ला.

होंडो गावाच्या वेशीवर एक पाटी आहे. हा देवाचा मुलूख आहे, इथून गाडी सैतानासारखी हाकू नका, अशा अर्थाची. मामानं तिथे दर वर्षीप्रमाणे फोटो काढला. पण मला पाटीपेक्षा रस्त्याची गंमत जास्त वाटली. टेक्सासमध्ये होल्यांच्या शिकारीचे तीन विभाग आहेत आणि या भागात मधल्या आणि दक्षिण विभागाची हद्द म्हणजे हाच हायवे ९०. उत्तरेला मोसम १ सप्टेंबरला उघडतो. दक्षिणेला नेहमीचा मोसम सप्टेंबरच्या मध्याला, आणि त्याआधी मुख्यतः व्हाइटविंगसाठी राखलेले मोजके दिवस, तेही दुपारी बारानंतर. रस्त्याच्या एका बाजूच्या तारेवर बसलेला होला उद्यापासून शिकार, समोरच्या बाजूचा नाही. जागा ठरवताना शेत कुठल्या बाजूला आहे हे नकाशात आधी बघावं.

आमचं शेत उत्तरेला होतं. तिथली बहुतेक सगळी जमीन खाजगी, त्यामुळे शेतमालकाकडे दिवसाचे पैसे भरून बसायची पद्धत आहे. आम्ही माणशी १२५ डॉलर दिले. स्वस्तात करायचं असेल तर सरकारी वार्षिक परवाना ४८ डॉलरला मिळतो. सरकारनं भाड्यानं घेतलेल्या शेतांवर आणि रानांवर तो चालतो, फक्त तिथे गर्दी असते.

शेतमालक पंचाहत्तरीचे, उन्हानं रापलेले, गवती टोपी घातलेले. मामाला त्यांनी मिठी मारली, मला हात मिळवला आणि डेझीला आधी पाणी दिलं. मग त्यांनी शेत दाखवायला नेलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण समोर ज्वारी होती. कमरेएवढी, लाल कणसांची, अर्धी यंत्रानं कापून झालेली. ते तिला मायलो म्हणतात. शेजारी सूर्यफुलाची पट्टी, वाळून मान टाकलेली. बांधाला मेस्किटची झाडं, आपल्याकडच्या वेड्या बाभळीची ही सख्खी बहीण, काटे तेच आणि शेंगाही तशाच. “टँकवर जाऊ,” ते म्हणाले तेव्हा मी पाण्याची टाकी शोधत होतो. तिकडे टँक म्हणजे गुरांसाठी खोदलेलं तळं.

मामानं त्यांना माझ्यादेखत स्पष्ट विचारलं, “दाणे टाकलेत का कुठे?”

हा प्रश्न औपचारिक नाही. उभं पीक कापलं, सूर्यफुलाच्या पट्ट्या जागेवर छाटल्या, त्यातून दाणा सांडला तर चालतो. पण होल्यांना भुलवायला बाहेरून आणून दाणे पसरले तर तो गुन्हा आहे, आणि सगळे दाणे उचलले तरी पुढचे दहा दिवस तिथे शिकार करता येत नाही. पैसे भरून बसलेल्यानंही डोळे उघडे ठेवून खात्री करणं अपेक्षित आहे. मालकांनी मान हलवली, “नाही. पिकानं दिलं तेवढंच.”

संध्याकाळी आम्ही बंदुका गाडीतच ठेवून नुसतं पाहत बसलो. चार दिवसांतले हे दोन तास मला फार आवडले. सहाच्या सुमाराला होले पाण्यावर यायला लागले. मॉर्निंग डव्ह, यातला मॉर्निंग म्हणजे सकाळ नव्हे, शोक. त्याच्या रडव्या हुंकारावरून ते नाव पडलंय. अंगानं आपल्या ठिपकेवाल्या होल्याएवढा, पण शेपटी लांब आणि निमुळती, आणि उडताना पंखांची बारीक शीळ येते. मामा मला दिशा दाखवत होता. “बघ, ते मोकळ्यावरून सरळ येत नाहीत. झाडांच्या रांगेला धरून येतात, रांगेत जिथे फट आहे तिथून वळतात, त्या वाळक्या झाडावर क्षणभर बसतात आणि मग पाण्यावर उतरतात.” तळ्याचा एक काठ उघडा, चिखलाचा होता. होले तिथेच उतरत होते, गवताळ काठाकडे एकही फिरकला नाही. पाय आखूड असल्यानं त्यांना मोकळी जमीन लागते. उद्या कुठे बसायचं ते इथेच ठरलं.

अंगणात मालकांच्या कोंबड्यांत दोन चिमुकले, खवल्याखवल्यांचे इंका डव्ह टिपत होते. यांना संरक्षण आहे. याउलट मानेमागे काळी पट्टी असलेला युरेशियन कॉलर्ड डव्ह बाहेरून आलेला, त्याला संख्येची किंवा मोसमाची मर्यादाच नाही. म्हणून पहिला धडा ओळखीचा. शेपटी, पंखाची पट्टी, आकार, उडण्याची ढब. ओळख पटली नाही तर चाप ओढायचा नाही. इतकी वर्षं दुर्बीण गळ्यात अडकवल्याचा मला इथे उपयोग झाला, आणि हे ज्ञान दोन्हीकडे तेच लागतं याचा मनावर परिणामही झाला.

रात्री चंद्र नव्हता. ओसरीवर बसलो असताना मामानं मार्थाची गोष्ट सांगितली. उत्तर अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर होतं, संख्येनं अब्जावधी. बाजारासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली, पिंपं भरभरून रेल्वेनं शहरात जायची. रानं तुटली. शेवटची मादी मार्था सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली, ती तारीख १ सप्टेंबर १९१४. चार वर्षांनी, १९१८मध्ये, स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आला. आजची दिवसाची मर्यादा, मोसम, बंदुकीत तीनच काडतुसं, पक्षी विकायला बंदी, हे सगळं त्यातून निघालं. १९३७पासून बंदुका-काडतुसांच्या विक्रीवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवतात.

“मोसम सुरू होतो त्याच तारखेला ती गेली,” मामा म्हणाला. “मुद्दाम कुणी ठरवलेलं नाही. पण मी ते विसरत नाही.”

तिकडेही सगळ्यांचं यावर एकमत नाही. मिशिगनमध्ये २००६ साली लोकांनी मतदान करून होल्यांची शिकार नाकारली. विस्कॉन्सिनमध्ये हाच पक्षी राज्याचं शांतीचं चिन्ह आहे आणि २००३पासून तिथे त्याची शिकारही होते. मी मामाला म्हटलं, “मला अजून पटलेलं नाही.” तो म्हणाला, “नको पटू दे. उद्या वाटलं तर बंदूक खाली ठेव.”

तिसरा दिवस, १ सप्टेंबर : पहिली सकाळ

साडेपाचला अंधारातच निघालो. सूर्योदय सव्वासाताच्या आसपास आणि शिकारीची वेळ त्याच्या अर्धा तास आधी सुरू होते. आम्ही सूर्यफुलाच्या कडेला, मेस्किटच्या सावलीत, उगवतीकडे पाठ करून बसलो. बसायला झाकणाची बादली, तिच्यातच काडतुसं आणि पाणी.

बसण्याआधी पायानं जमीन चाचपावी. मी चाचपली नाही, आणि पाच मिनिटांत लाल मुंग्यांनी घोट्यापर्यंत धुमाकूळ घातला. त्यांच्या चाव्याचे पुवाळलेले फोड आठवडाभर राहिले. उंच बूट घालावेत, ते मुंग्यांसाठी आणि सापांसाठीही. कपडे मातकट किंवा हिरवे असले की पुरे, चेहऱ्यावर टोपीची सावली हवी. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा याला पर्याय नाही, कारण लांबच्या शिकाऱ्यांचे थकलेले छर्रे अधूनमधून पानांवर रिमझिम पडतात. माणशी चार लिटर पाणी न्यावं, कुत्र्याचं वेगळं.

पावणेसातला दूरवर पहिला बार झाला, मग चहूकडे. फटाके नव्हेत, कुणी पत्र्यावर मूठ मूठ दाणे फेकावेत तसा आवाज. मामा पुटपुटला, “हलू नको.” होला माणूस ओळखत नाही, हालचाल ओळखतो. समोरून तीन आले, झाडाच्या फटीतून वळले. मामा उठला, नळी वळली, एकच बार. एक होला हवेत गुंडाळल्यासारखा झाला आणि सरळ खाली पडला. डेझी सुटली, तोंडात अलगद धरून घेऊन आली.

मामानं तो माझ्या हातात दिला. गरम होता. सव्वाशे ग्रॅमचा जीव. लांबून राखाडी-तपकिरी वाटणारा रंग हातात घेतल्यावर बदलतो. मानेच्या बाजूला गुलाबी झाक, उजेडात फिरवली की हिरवट. गालावर एक काळा ठिपका. पिसं इतकी सैल की नुसत्या बोटानं निसटतात. ससाण्याच्या पंजातून सुटायला त्याला हीच युक्ती कामी येते. छातीवरची पिशवी टणक होती. सोलताना मी ती उघडून पाहिली : सूर्यफुलाच्या एकोणीस बिया, ज्वारीचे लाल दाणे आणि डव्हवीड नावाच्या रानटी झुडपाच्या चकचकीत करड्या बिया, मुठीत मावेनात इतक्या. त्या सकाळी त्यानं काय-काय खाल्लं ते तिथे जसंच्या तसं होतं.

माझा पहिला होला अकराव्या काडतुसाला पडला. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी छातीत काहीतरी दाटलं. दोन्ही खरं आहे, यातलं कुठलंच मी लपवत नाही.

मग तो प्रसंग घडला, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. आठच्या सुमाराला एक होला उजवीकडून आला. मी बार काढला, तो डगमगला, पंख ताठ करून डव्हवीडच्या पट्ट्यामागे घसरत गेला. मामा ओरडला, “नजर तिथेच ठेव!” पण त्याच वेळी डावीकडून आणखी एक जोडी आली आणि मी वळलो. दोन बार वाया गेले. परत पाहिलं तर तो पट्टा सगळा सारखाच दिसत होता. कुठलं झुडूप, काही कळेना.

मामानं बंदूक रिकामी करून झाडाला टेकवली. ती सकाळची सगळ्यात भरात आलेली वेळ होती, डोक्यावरून थवे जात होते. त्यानं वर एकदाही पाहिलं नाही. त्यानं आपली टोपी माझ्या अंदाजाच्या जागी ठेवली आणि तिथून आम्ही गोल-गोल वाढवत शोधलं. डेझीला तीनदा सोडलं, पण कोरड्या धुळीत आणि चढत्या उन्हात कुत्र्याला वास लागत नाही. डव्हवीडची पानं चुरडली की एक उग्र वास येतो, तो माझ्या हाताला संध्याकाळपर्यंत होता. चाळीस मिनिटं शोधलं. मिळाला नाही.

“कायदा म्हणतो, मनापासून शोध,” मामा म्हणाला. “मी म्हणतो, तो तुझ्या हिशेबात धर.” दिवसाची मर्यादा पंधरा. त्याच्या नियमानं माझे आता चौदाच.

त्याच्या शब्दांत राग नव्हता. आपण एक जीव घेतला आणि तो वाया गेला, एवढंच. मामाला या दिवसाची ओढ का आहे हे मला तेव्हा उमगायला लागलं. सहा महिने आधीपासून ज्वारी कशी आहे, तळ्याला पाणी आहे का, हे तो फोनवर विचारत असतो. होला कुठून येईल, कुठे वळेल, कुठे पडेल, हे कळण्यात त्याचा जीव गुंतलेला असतो. नेम हा त्यातला लहानसा भाग. खरं कसब दुसरी जोडी सोडून देण्यात आहे. नवख्यानं पहिल्या दिवशी एवढा एकच नियम पाळावा : एक होला पडला की तो हातात येईपर्यंत दुसऱ्यावर बार नाही. तसंच, पक्ष्याखाली मोकळं आकाश दिसलं तरच मारावं. खालून उडणाऱ्यावर कधीही नाही, तिकडे कुणाचातरी कुत्रा किंवा माणूस असतो.

उकाडा असह्य झाला. साडेदहालाच आम्ही सावलीला आलो. कुत्र्याला उन्हात पळवू नये, लॅब्राडोर मालकासाठी धावता धावता कोसळते. तेवढ्यात गेम वॉर्डनची, म्हणजे शिकारीचे नियम तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, गाडी आली. तरुण अधिकारी, अदबीनं बोलणारा. परवाने पाहिले, मग बंदुकीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं भरून दोनच्या वर जात नाहीत ना ते तपासलं. एक नळीत, दोन मॅगझिनमध्ये, याहून जास्त मावता कामा नयेत, त्यासाठी आत लाकडी खुंटी बसवलेली असते. आमचे पक्षी त्यानं वेगवेगळे मोजले. दोघांचे ढीग कधीही एकत्र करू नयेत. जाताना त्यानं पायात धातूची कडी असलेला होला मिळाला का, हे विचारलं. अशी कडी मिळाली तर तिचा नंबर कळवायचा, मग तो पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता ते समजतं.

घरी मामीचा श्रावण, म्हणून होले शेतावरच शिजतात. मामानं छातीचं मांस काढून, हाडं वेगळी करून, बर्फाच्या पाण्यात धुतलं. तिकडची रीत म्हणजे मांसाच्या तुकड्यात हलापेन्यो मिरची आणि क्रीम चीज भरायचं, बेकनची पट्टी गुंडाळायची आणि मेस्किटच्या निखाऱ्यांवर भाजायचं. मालक ते करत होते. दुसऱ्या चुलीवर मामानं कांदा-खोबरं भाजून, डब्यातून आणलेला कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. होल्याचं मांस गडद, लालसर, थोडं काळजासारखं लागतं. जास्त शिजलं की चामडं होतं, म्हणून मामानं ते रश्शात शेवटच्या पाच मिनिटांतच सोडलं. मालकांनी दोन वाट्या रस्सा पावाबरोबर खाल्ला, कपाळ पुसलं आणि मसाल्याचा डबा ठेवून घेतला. खाताना दाताखाली एखादा छर्रा येतो, तेव्हा सावकाश चावावं.

संध्याकाळी तळ्यावर बसलो. मी आणखी दोन मारले, दोन्ही मिळाले, आणि थांबलो. मामानं आठावर बंदूक रिकामी केली. “आधी पंधरा झाल्याशिवाय उठायचो नाही,” तो म्हणाला. “आता जेवढे खाऊ तेवढेच.” त्यानंतर तासभर होले आमच्यासमोर पाण्यावर उतरत राहिले. चोच पाण्यात बुडवून ते मान वर न करता सलग पितात, बाकीच्या पक्ष्यांसारखी घोटागणिक मान उचलत नाहीत.

चौथा दिवस, २ सप्टेंबर : परतीचा

दुसऱ्या सकाळी होले निम्म्यावर आले होते. बार झालेल्या शेताला दोन-तीन दिवसांची विश्रांती लागते. पहिला गार वारा आणि पाऊस आला की इथले बरेच दक्षिणेला निघून जातात आणि उत्तरेचे येतात. म्हणून एकाच जागेवर सलग चार दिवस ठरवण्यापेक्षा दोन शेतं धरावीत.

मी बंदूक घेतलीच नाही. उजाडताच डव्हवीडच्या पट्ट्याकडे गेलो. गार हवेत, दवात, डेझी पुढे होती. मामाची टोपी जिथे ठेवली होती तिथून वीसेक पावलांवर, आम्ही शोधलं त्याच्या बरोबर उलट्या अंगाला, ती थांबली. राखाडी पिसांचं लहानसं वर्तुळ होतं, एक लांब शेपटीचं पीस पांढऱ्या टोकाचं. बाकी काही नाही. वर वाळक्या झाडावर एक कॅराकॅरा नावाचा शिकारी पक्षी बसलेला होता, तांबड्या तोंडाचा, आम्हाला निरखत.

रिकाम्या काडतुसांच्या नळ्या वेचल्या, आमच्या आणि आमच्या आधीच्या कुणाच्यातरीही. मालकांचा निरोप घेतला, होंडोत पुन्हा टाको खाल्ला आणि दुपारपर्यंत घरी पोचलो.

गॅरेजमध्ये मामानं वही काढली. आधी स्वतःची ओळ भरली, मग तिच्याखाली नवीन ओळ आखून पेन माझ्याकडे दिलं. वारा आग्नेयेचा. काडतुसं ४१. मिळाले ६. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, ‘१, घाई’.